दरारा

बिबट्याने झेप घेतली ती वैजयंतीच्या पाठीवर, पण त्याचे पंजे बसले स्कूटरच्या मागे बांधलेल्या नायट्रोजनच्या डब्यावर. कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवायला जनावरांचे डॉक्टर असा डबा घेऊन फिरतात. डबा उलटला, पांढऱ्या थंड वाफेचा लोट उठला आणि बिबट्या बिचकून पुन्हा उसात घुसला. वैजयंतीच्या डाव्या खांद्यावर ओरखडे राहिले, आणि छातीत एक थरथर.

ओरखडे भरून आले. थरथर काही जाईना.

डॉ. वैजयंती औटी गेली सोळा वर्षं हिवरसांगवीत आणि आसपासच्या वस्त्यांवर गायी-म्हशींवर उपचार करत होती. जुन्नरकडचा हा सगळा पट्टा उसाचा. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबटे आले. आताचे बिबटे तर उसातच जन्मलेले, त्यांच्या आयाही उसातल्याच. जंगल कसं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गावानं सौरदिवे लावले, भोंगे बसवले, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. बिबट्यांना या सगळ्याची सवय झाली.

दिवस कलला की वैजयंती आता घराबाहेर पडत नसे. एका संध्याकाळी गुंजाळांच्या वस्तीवरून फोन आला. गायीचं पोट फुगलं होतं. वैजयंतीने गाडीची किल्ली घेतली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "सकाळी लवकर येते," ती फोनवर म्हणाली. सकाळी गेली तेव्हा गाय पाय ताठ करून पडली होती. गुंजाळच्या बायकोने नेहमीसारखा चहा आणून दिला. वैजयंतीने तो तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात ती पुण्याला अनघाकडे गेली.

अनघा तिची कॉलेजची मैत्रीण. एका खासगी प्रयोगशाळेत ती प्राण्यांच्या गंधांवर काम करत होती. तिथे तयार झालेल्या गोष्टीला त्यांनी नाव दिलं होतं 'दरारा'.

"प्रयोगशाळेत जन्मलेल्या उंदराने मांजर कधी पाहिलेलं नसतं," अनघा सांगू लागली. "तरी मांजराच्या गळ्यातला पट्टा त्याच्या पिंजऱ्यात टाकला की तो जागच्या जागी थिजतो. ही भीती त्याला कुणी शिकवलेली नसते. तो वास नाकातून थेट मेंदूत जातो आणि मेंदू म्हणतो, पळ. तुमच्या उसात शेवटचा वाघ कधी आला असेल, देव जाणे. पण बिबट्याच्या मेंदूत वाघाची जागा अजून राखलेली आहे. वाघाचा वास आला की तो तिथे थांबत नाही."

"म्हणजे अंगाला वाघाचं मूत फासायचं?"

अनघा हसली. "तेवढं सोपं असतं तर! तो वास तासाभरात उडून जातो. आपल्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू राहतात, आपल्या घामावर जगतात. घामाला जो वास येतो तो त्यांचाच उद्योग. आम्ही त्यातल्याच एका जातीत थोडा बदल केलाय. घाम खाऊन तो वाघाच्या वासातले रेणू बनवतो. माणसाच्या नाकाला काहीच कळत नाही. एकदा काखेत, मानेवर, पाठीवर वसवला की तुझ्याबरोबर राहतो. आणि गंमत बघ, माणूस घाबरला की घामाघूम होतो. म्हणजे भीती जितकी जास्त, तितका दरारा जास्त."

मग तिचा चेहरा गंभीर झाला. "पण तुला मी देणार नाही. गायी-म्हशींचं नाक बिबट्यापेक्षा काही कमी नाही. जनावरांत वावरणाऱ्यांसाठी हे नाहीच."

वैजयंतीने तिला त्या गायीची हकीकत सांगितली. सांगता सांगता रडली. शेवटी अनघाने तिच्या अंगावर दरारा वसवला आणि कपाटातून एक ट्यूब काढून दिली. वास अडवणारं मलम. गोठ्यात शिरण्याआधी अंग पुसून लावायचं, दोनेक तास वास दबतो. "मात्र फार घाम आला तर मलम टिकत नाही," तिने बजावलं. "आणि लोकांना सांगून टाक."

वैजयंती हो म्हणाली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. अंगाला वाघाचा वास असलेली डॉक्टरीण आपल्या गोठ्यात कोण घेईल? शिवाय गावात तिचं नाव होतं. बिबट्याने पाडलं तरी उठून पुन्हा स्कूटरवर बसली, असं लोक कौतुकाने सांगत. ते कौतुक तिला घालवायचं नव्हतं.

नवऱ्याला, शिरीषला, तेवढं ठाऊक होतं. तो माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचा. "हे काहीतरी निसर्गाविरुद्ध वाटतं रे," ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, "चष्मा निसर्गाने दिला का तुला? धनुर्वाताची लस? बिबट्याला नख्या आहेत, सापाला विष आहे. माणसाला डोकं आहे, ते त्याने वापरलं."

पुढचे काही महिने सुखाचे गेले. ती कुठल्याही वेळी कुठेही जाऊ लागली. एकदा हेडलाइटच्या झोतात दोन हिरवे डोळे चमकले. शेपूट पायांत घालून बिबट्या मागे सरकला आणि दिसेनासा झाला. वैजयंतीने मुद्दाम गाडी थांबवली, खाली उतरली, उसाच्या कडेने चार पावलं चालली. आतला ऊस दूरवर खसखसत गेला. तिला हसू फुटलं. खरं तर तिला हे आवडू लागलं होतं.

गावात तिचं सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे हौसाबाई डुंबरे. साठी उलटलेली, चंद्री नावाच्या म्हशीची मालकीण. नवीन आलेल्या वैजयंतीला पहिल्या वर्षी कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा हौसाबाईने आपली म्हैस तिच्यापुढे बांधली होती. ती आजही घुंगरं बांधलेली काठी आपटत उसातून एकटी जायची.

"भीती नाही वाटत मावशी?" वैजयंतीने एकदा विचारलं होतं.

"वाटती की. म्हणून तर घुंगरं. त्याला कळतं म्हातारी आली, त्यो बाजूला व्हतो. त्यानं आपल्याला भ्यावं असं काय नाय, पोरी. आपण आलोय एवढं त्याला कळलं की झालं."

चंद्री अडल्याचा फोन आला तो दुपारी. उन्हाची काहिली अशी की डांबर पायाला चिकटावं. वैजयंतीने ओढ्यावर अंग पुसलं, मलम चोपडलं आणि गोठ्यात शिरली. रेडकाचा पुढचा एक पाय मागे दुमडलेला होता. हौसाबाई म्हशीच्या डोक्याशी, तिच्या गळ्याला मिठी घालून बसली होती. "बाळा, बाळा," म्हणत तिला चुचकारत होती. पत्र्याखाली भट्टी पेटल्यागत झालं होतं. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून वैजयंतीने आत हात घातला. रेडकाचा खूर बोटांना लागायचा आणि निसटायचा. बराच वेळ गेला. तिच्या कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून घाम निथळू लागला. हात भरून आला. रेडकू हाताखाली ढिलं पडतंय असं तिला वाटलं आणि ती घाबरली.

चंद्रीने मान वर केली. नाकपुड्या फेंदारल्या. अंगावरून एक शहारा गेला. तिने एकदा असा काही हंबरडा फोडला की वैजयंतीने सोळा वर्षांत तसा ऐकला नव्हता.

म्हैस वाघाला नुसती भीत नाही. पोर पोटाशी असेल तर ती वाघावर चालून जाते. चंद्रीने दावं तोडलं आणि ती जागच्या जागी गर्रकन वळली, शिंगं वैजयंतीच्या दिशेने. मध्ये हौसाबाई होती. ती गव्हाणीच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळली. हाड मोडल्याचा आवाज वैजयंतीने स्पष्ट ऐकला.

ती पळाली. बाहेर येऊन तिने बांबूचं फाटक ओढून घेतलं.

ती बाहेर गेली तशी म्हैस हळूहळू शांत झाली. आत हौसाबाई कण्हत होती. आत गेलो तर म्हैस पुन्हा बिथरेल, म्हणून आपण बाहेर थांबलो, असं वैजयंती स्वतःला नंतर अनेकदा सांगणार होती. ते खरंही होतं. पण तिचे पाय त्या कारणाने थांबले नव्हते, हेही तिला माहीत होतं.

आरडाओरड ऐकून माणसं धावली. हौसाबाईचा मुलगा बबन सगळ्यांच्या पुढे. "काय झालं? म्हैस कशाला बुजली?"

गोठ्याच्या मागेच ऊस होता. कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवलं. "दुसरं काय असणार? बिबट्याच! आता दिवसाढवळ्या गोठ्यात यायला लागला!"

वैजयंतीने मान हलवली नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

रेडकू मेलं. हौसाबाईच्या खुब्यात प्लेट घालावी लागली. पुन्हा चालेल, पण वॉकर धरून, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिरीष म्हणाला, "आता बोलून काय होणार? म्हातारीचं हाड सांधणार आहे का? आपलं इथलं सगळं संपेल मात्र." तो तिच्या भल्यासाठीच बोलत होता. तिने ऐकलं.

गाव मात्र गप्प बसलं नाही. लोकांनी रस्ता अडवला, बिबट्या धरा म्हणून हट्ट धरला. वनखात्याच्या माणसांनी गोठ्यामागे पिंजरा लावला. तिसऱ्या सकाळी त्यात बिबट्याची मादी सापडली. गजांवर तोंड आपटून तिने दात फोडून घेतले होते. जखमा बघायला जवळची डॉक्टर म्हणून वैजयंतीलाच बोलावलं गेलं.

तिने मलम लावलं, पण गर्दी पाहूनच तिला घाम फुटला. पिंजऱ्याभोवती निम्मं गाव जमलं होतं. मादी गुरगुरत होती, गजांवर पंजे मारत होती. वैजयंती जवळ गेली तशी ती एकदम गप्प झाली. कान डोक्याला चिकटले. पोट जमिनीला टेकवत ती पार मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिने तिथेच मुतलं. तिचं सगळं अंग लटलट कापत होतं. डोळे वैजयंतीवरून हलत नव्हते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, बघा! डॉक्टरीणबाईंना घाबरली!" मोबाइल वर झाले.

वैजयंतीने खाली वाकून पाहिलं. मादीची आचळं दुधाने तट्ट फुगलेली होती. कुठेतरी उसात पिल्लं होती. या मादीने त्या दिवशी काहीही केलं नव्हतं. गोठ्यात हिंस्र जनावर शिरलं होतं हे खरं, आणि ते कोण होतं हे या गर्दीत फक्त दोघींना माहीत होतं. वैजयंती, आणि कोपऱ्यातली ती.

"जखमा वरवरच्या आहेत," ती कसंबसं म्हणाली आणि मागे फिरली. मादीला घेऊन गाडी गेली. पिल्लं शोधायला माणसं उसात फिरली, पण ती सापडली नाहीत.

त्या संध्याकाळी ती हौसाबाईकडे गेली. हौसाबाई ओसरीवरच्या पलंगावर पडून होती. वैजयंती खाली जमिनीवर बसली आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. हौसाबाईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हंजी त्या बिचारीला उगाच धरली," हौसाबाई म्हणाली.

"हो."

"लेकुरवाळी व्हती म्हनं."

"हो, मावशी."

हौसाबाई आढ्याकडे बघत राहिली. "तू पळालीस ते म्या पाह्यलं व्हतं. मला वाटलं, बिबट्याला भ्याली. माणूस हाय, पळणारच. म्या मनात राग धरला नाय." मग तिने मान वळवली. "पर तू कुणाला भिऊन पळालीस गं?"

ओशाळून वैजयंतीने मान खाली घातली, ती वर करता येईना.

"मला हितं घरात सांगितलंस, बरं केलंस," हौसाबाई म्हणाली. "पर बिबटी धरली ती समद्या गावानं. जा, तिथं सांग."

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर होती. वैजयंती उभी राहिली आणि तिने सांगितलं. दरारा काय आहे, तो अंगावर कसा वसवतात, चंद्री कशाने बिथरली, मादी का थरथरली. लोक शिव्या देतील, दगड मारतील, गाव सोडायला लावतील, याची तयारी करून ती आली होती. शिरीष मागच्या खांबाला टेकून पायांकडे बघत उभा होता.

ती थांबली. मग बबन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. आता हा धावून येणार असं तिला वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "हे मिळतं कुठं?"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बबन, अरे तुझ्या आईचं हाड त्याच्यामुळे..."

"ते कळलं मला. तुमचं तोंड बघायची इच्छा नाही माझी. पण माझी बायको रोज उसात वाकून गवत कापते. वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीसारखं दिसतं. ती परत येईस्तोवर माझा घास गोड लागत नाही. तुम्ही स्वतःपुरतं आणलंत आणि लपवलंत, ही तुमची चूक. आता पत्ता सांगा."

"जनावरं राहणार नाहीत तुमच्या दारात," वैजयंती म्हणाली. "पान्हा सोडणार नाहीत. रात्रंदिवस भीतीत जगतील ती."

"म्हैस विकता येते हो," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मग सगळेच एकदम बोलू लागले, आणि त्या गलक्यात तिचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

वर्षाच्या आत तालुक्याच्या गावी दराऱ्याचं केंद्र निघालं. आधी बायकांनी घेतला, मग पुरुषांनी, मग पोरांना देण्यात आला. हिवरसांगवीतून पहिल्यांदा कुत्री गेली. कुणी हाकललं नाही, एकेक करून निघून गेली. गायी-म्हशींनी पान्हा चोरला. त्या दावणीला अंग आक्रसून उभ्या राहत, चाऱ्याला तोंड लावत नसत. लोकांनी त्या विकल्या. चहाला पिशवीचं दूध येऊ लागलं. बिबटेही गेले. गावाच्या वेशीवर 'बिबट्यामुक्त गाव' अशी पाटी लागली, सत्कार झाला, त्याचे पेढे बाहेरून मागवावे लागले.

बिबटे गेले म्हणजे कुठेतरी गेलेच. डोंगरापलीकडच्या ठाकरवाडीत पूर्वी कधी बिबट्या येत नसे. तिथे दरारा पोचला नव्हता. लाकडं गोळा करायला गेलेली एक बाई परत आली नाही. ती बातमी वैजयंतीने सकाळी वाचली, आणि दिवसभर तिला घरात कुणाशी नजर मिळवता आली नाही.

तिने स्वतःच्या अंगावरचा दरारा काढून टाकला होता. अनघाच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे औषधी पाण्याने अंघोळी केल्या, कातडी सोलून निघाली, तेव्हा कुठे ते जिवाणू गेले. आता गावात दरारा नसलेल्या दोघीच होत्या, ती आणि हौसाबाई. शिरीषने घेतला होता. "तुझी काळजी वाटते म्हणून सांगतो, तूही परत घे," तो म्हणायचा. ती उठून आत जायची. गावात आता तिला कामही नव्हतं. लांबच्या वस्त्यांवर जायची, आणि संध्याकाळी उसातून येताना तिला पुन्हा पूर्वीसारखीच भीती वाटायची.

गावातलं शेवटचं जनावर चंद्री होती. हौसाबाई तिला विकू देत नव्हती. पण बबन, सून आणि नातवंडं, सगळ्यांच्या अंगाला तो वास. चंद्रीच्या बरगड्या दिसू लागल्या. कुणी वैरण टाकायला गेलं की ती भिंतीला घासून अंग सोलून घेई. शेवटी हौसाबाईनेच सांगितलं, "द्या तिला धरणापल्याड. माझ्यासाठी उगं मारू नका." टेम्पो आला. बबन गोठ्याजवळ जाऊ शकत नव्हता, आणि ड्रायव्हर त्या बिथरलेल्या म्हशीपुढे जायला तयार नव्हता. बबन वैजयंतीच्या दारात आला. त्या सभेनंतर पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता. "तुम्हालाच यावं लागंल," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

त्या दुपारनंतर वैजयंती त्या गोठ्यात गेली नव्हती. गव्हाणीचा कठडा तसाच होता. चंद्री कोपऱ्यात उभी होती. शिंगं खाली होती. या खेपेला वैजयंतीच्या अंगावर काहीच नव्हतं, घामाशिवाय. तिने हात पुढे केला.

चंद्रीने लांबूनच वास घेतला. एक पाऊल पुढे आली. तळहात हुंगला, मनगट हुंगलं, मग मान लांब करून खांदा हुंगला. तिने एक मोठा सुस्कारा टाकला आणि खरखरीत जिभेने वैजयंतीचा घामेजलेला हात चाटायला लागली. कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. कित्येक महिन्यांत तिला हात लावू देणारं माणूस भेटलं नव्हतं.

वैजयंतीला ते सहन होईना. तिला वाटलं, हिने शिंग मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने दावं सोडलं. ते ओढायची गरज पडली नाही. चंद्री तिच्या मागोमाग चालत आली आणि फळीवरून टेम्पोत चढली.

हौसाबाई वॉकर धरून दारात उभी होती. अंगणात उतरायला तिने नकार दिला होता.

"चढली?"

"चढली."

"शिंग उगारलं का?"

"नाही, मावशी. हात चाटला माझा. मागं मागं आली."

हौसाबाईने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "मुकं जनावर नाकानं वळखतं, पोरी. त्या दिवशी गोठ्यात आलीवती ती तू नव्हतीसच म्हन."

वैजयंतीने मान हलवली.

"मीच होते, मावशी."

दाराआड ठेवलेली हिरव्या वैरणीची पेंढी हौसाबाईने एका हाताने उचलून पुढे केली. वैजयंती ती घेऊन टेम्पोत मागे चढली आणि चंद्रीच्या शेजारी उभी राहिली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.